हंगामाला एक माणूस

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी भांडी आवरून अनुपमा परब खिडकीजवळच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. तिला माणसं हवी होती. तीन. आणि तीही रविवारी संध्याकाळी आठच्या आत.

माणसं कशाला, ते आधी सांगायला हवं. ‘उपनगर हॉकी लीग’ नावाचा एक खेळ होता, सगळाच्या सगळा कॉम्प्युटरवर. मैदान नाही, स्टिक नाही, घाम तर नाहीच. बोरीवली, मुलुंड, कुर्ला, घाटकोपर असे आठ संघ, आणि प्रत्येक सभासदाच्या नावाचा एक खेळाडू. दर रविवारी सभासदाने चार ओळींचा सराव लिहायचा, म्हणजे आपल्या खेळाडूने आठवडाभर काय केलं ते. त्यावर खेळाडूचं बळ वाढायचं. रोज आठ वाजता कॉम्प्युटर सामने खेळवायचा आणि निकाल लावायचा. तीन रविवार सराव चुकला की यादीतलं काळं नाव करडं पडायचं आणि खेळाडू संघातून गळायचा. ऐकून हसू येईल. मुलुंडचा नितेशही पहिल्यांदा हसला होता, आणि मग सात वर्षं त्याची कॉम्प्युटरची बाजू सांभाळत बसला.

हा खेळ काढला अनुपमाच्या धाकट्या भावाने, सौरभने. कॉलेजात तो गोलकीपर होता. चोविसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या आणि घाटकोपरच्या एका डायलिसिस सेंटरमधली सात नंबरची खाट त्याच्या नशिबी आली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. उशाशी रक्ताचा पंप घरघरतोय, एसी हाडं गोठवतोय, नळ्या धुवायच्या औषधाचा व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकातून घरापर्यंत येतोय. पडल्या पडल्या करायचं काय? त्याने लीग काढली, आणि पहिले सभासद गोळा केले ते आजूबाजूच्या खाटांवरून.

माणसं आणणं आणि टिकवणं हे त्याला फार छान जमायचं. त्याचे नियम दोनच. नवा माणूस आला की चोवीस तासांत त्याला फोन करायचा. “आवाज ऐकलेला माणूस सहसा जात नाही, ताई,” असं तो म्हणायचा. आणि दुसरा, ज्याचं नाव काळं आहे त्याने दर हंगामाला एक नवा माणूस आणायचाच. कुणाला जमलं नाही तर तो कुरकुर न करता त्याच्या वाटणीचा माणूस स्वतः आणायचा. घरातही तसाच होता तो, दुसऱ्याचं राहिलेलं काम गुपचूप उरकून मोकळा व्हायचा.

सौरभ जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेला तेव्हा लीगमध्ये एकशे बारा जण होते. अनुपमाने सगळं हातात घेतलं, पण तिच्यात ते कसब नव्हतं. माणसं येत, दोन आठवडे हौस करत आणि करडी पडत. आता सदतीस उरले होते. चाळीसच्या खाली आठ संघ बनत नाहीत, म्हणजे नवा हंगाम लागत नाही, म्हणजे लीग बंद. नितेशने तसं स्पष्ट सांगूनच टाकलं होतं.

त्या सदतीसांत एक नाव सौरभचं होतं. ते करडं पडलेलं तिला बघवलं नसतं. म्हणून दोन वर्षं दर रविवारी त्याच्या चार ओळी तीच लिहायची. ‘आज पेनल्टी कॉर्नर अडवायचा सराव केला. गुडघा ठीक आहे.’ रोज आठ वाजता बोरीवलीच्या गोलात तिचा भाऊ उभा राहायचा, आणि तेवढ्या दहा मिनिटांत तिला घर भरलेलं वाटायचं. लीग बंद झाली असती तर तेही गेलं असतं. तिच्या जिवाला लागलेलं होतं ते हे.

तर त्या शनिवारी तिने पान उघडलं आणि पाहते तो तीन नवे अर्ज. काशीराम, वनमाला, मिथुन. ‘कोणी आणलं’ या रकान्यात तिघांनीही लिहिलं होतं, सौरभ. तिला भरून आलं. जुन्या ओळखीच्यांनी प्रेमाने त्याचं नाव घातलं असेल, असं तिला वाटलं. ‘मुक्काम’ या रकान्यात मात्र बोरीवली, मुलुंड असं काही नव्हतं. खाट चार, खाट नऊ, खाट अकरा, एवढंच होतं.

नियमाप्रमाणे तिने फोन लावले. काशीराम हळू आवाजात एकेक शब्द बोलला, कुठलाही संघ चालेल म्हणाला. मागून पंपाची घरघर येत होती. बिचारा मशीनवर पडून बोलतोय, असं मनात म्हणत तिने दुसरा नंबर फिरवला.

“हॅलो, वनमालाताई? हॉकी लीगमधून अनुपमा बोलतेय.”

तीच घरघर. मग एक ओला, जाड आवाज आला. “अनू ना गं तू? सौरभची बहीण...”

अनुपमाचा हात टेबलावर तसाच राहिला. वॉर्डात पाणी मोजून प्यायला मिळतं, म्हणून नऊ नंबरवरच्या वनमालाकाकू गालात बर्फाचा खडा धरून बोलायच्या. बोलणं असंच यायचं, ओलं आणि जाड. पण वनमालाकाकू सौरभच्याही वर्षभर आधी गेल्या होत्या. मुलुंडला त्यांच्या घरी जाऊन अनुपमाने स्वतः त्यांच्या फोटोला हार घातला होता.

“काकू... तुम्ही कुठून बोलताय?”

“इथूनच गं. आम्ही कुठे जाणार... सौरभ म्हणाला, नाव लावा, वेळ जाईल.”

“तो आहे तिथे?”

“सातवर. आमचं मशीन निदान मधेमधे थांबतं. त्याचं संपतच नाही बघ...”

फोन कट झाला नाही. पंप फिरत राहिला. शेवटी अनुपमानेच तो बंद केला. खिडकी बंद असतानाही खोलीत व्हिनेगरचा वास आला होता. तिसऱ्या नंबरावर मिथुनने फक्त “हो” म्हटलं, तीनदा.

अशा वेळी शहाण्या माणसाने लॅपटॉप मिटून देवासमोर दिवा लावला असता. अनुपमाने तिन्ही अर्ज मंजूर केले. खरं सांगायचं तर भीतीच्याही आधी तिला हायसं वाटलं होतं. चाळीस झाले होते. सौरभ राहणार होता.

“चाळीस?” नितेश फोनवर म्हणाला. “झकास. कुठून आणलेस गं?”

“मिळाले,” ती म्हणाली.

त्यानंतर अर्ज येतच राहिले. आठवड्याला एखादा, कधी दोन, सगळे सौरभने आणलेले. प्रत्येक आवाजामागे तीच घरघर. मेपर्यंत असे तेरा झाले. जुनी जिवंत माणसं एकेक करून करडी पडत होती, आणि हे तेरा जण एक रविवार चुकवत नव्हते. सौरभच्या हयातीतही माणसं इतकी टिकली नव्हती. अनुपमा कुणाला काही बोलली नाही. आईला तर नाहीच. आईला साधा बटणांचा फोनसुद्धा धड वापरता येत नसे, आणि लीग म्हणजे लेकीचा कसलासा ऑफिसचा उद्योग, अशी तिची समजूत होती.

मग एका मंगळवारी चौदावा अर्ज आला तो धाकूमामाचा. धाकूमामा वॉर्डातला शिपाई. सौरभला व्हीलचेअरवरून लिफ्टपर्यंत न्यायचा तो. अर्जात मुक्काम, खाट तीन. पण धाकूमामा तर जिवंत होता. महिन्यापूर्वीच घाटकोपर स्टेशनबाहेर भेटून त्याने तिला आग्रहाने चहा पाजला होता. तिने घाईघाईने त्याच्या घरी फोन लावला. तो स्वतःच बोलला, ठणठणीत होता, कसला अर्ज म्हणून हसलाही. तिचा जीव भांड्यात पडला. अर्ज तिने मंजूरही केला नाही.

तरी बुधवारी यादीत धाकूमामाचं नाव काळ्या अक्षरांत होतं. गुरुवारी दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. जेवून आडवा झाला तो उठलाच नव्हता.

शनिवारी नितेशने फोन केला.

“अनू, त्या नव्या लोकांचा सराव वाचलास कधी?”

“का?”

“तेरा जण, आणि सगळ्यांच्या त्याच चार ओळी. ऐक. ‘आज थंडी होती. पंप फिरत राहिला. तोंडाला कोरड. सौरभ म्हणाला, अजून थोडा वेळ.’ दर रविवारी हेच यार. मी त्या काशीरामला फोन केला, तर हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात.”

“मला लागतो,” अनुपमा म्हणाली.

 नितेश खालच्या आवाजात म्हणाला, “त्याचाच नियम होता ना, नाव काळं तर माणूस आणायचा? तू त्याचं नाव काळं ठेवलंस. तो आणतोय. ज्यांनी कोणी आणलं नाही, त्यांच्या वाटणीचेही आणतोय. मी यादी लावून बघितली. माणूस न आणलेले पंधरा जण होते. धाकूमामा धरून चौदा झाले.”

“पंधरावं कोण?”

“तू.”

पलीकडे त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तो रोजचा आवाज ऐकून अनुपमाला रडायला आलं.

“सोड त्याला आता,” नितेश म्हणाला. “उद्या लिहू नकोस. तीन रविवार फक्त. करडा पडू दे. लीग गेली तर गेली.”

रात्रभर तिच्या कानात वनमालाकाकूंचं ते वाक्य होतं. त्याचं संपतच नाही. शेवटच्या दिवसांत सौरभ तिचा हात धरून म्हणायचा, ताई, आता पुरे झालं गं. आणि तिने काय केलं होतं? दोन वर्षं दर रविवारी, स्वतःच्या हाताने, त्याला पुन्हा मशीनला जोडलं होतं. प्रेमाने केलं होतं, म्हणून ते कमी वाईट होत नव्हतं.

रविवारी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. दिवसभर घर आवरत राहिली. मे महिन्याचा उकाडा इतका होता की पंख्याखालीही पाठ ओली होत होती. आई स्वयंपाकघरात कोकमं निवडत होती. संध्याकाळी दिवेलागण झाली, समोर नॅशनल पार्कच्या बाजूचा अंधार हळूहळू इमारतींच्या मागे चढला. आठला पाच कमी असताना अनुपमाला राहवलं नाही. एकदाच बघते, त्याच्या नावापुढची जागा रिकामी बघते आणि बंद करते, असं ठरवून तिने पान उघडलं.

जागा रिकामी नव्हती. सौरभच्या नावापुढे चार ओळी लिहिलेल्या होत्या.

‘आज सराव मीच लिहिला. ताई दमली आहे. तिचा माणूस राहिलाय. तिच्या वाटणीचा मीच आणतो.’

त्याखाली एक नवा अर्ज. नाव, शालिनी परब. आईचं. मुक्काम, खाट आठ, सातच्या शेजारची. कोणी आणलं, अनुपमा.

तिने अर्ज नाकारला. तो परत आला. तिने आईचं नाव पुसलं, सौरभचं पुसलं, स्वतःचं पुसलं. मग नितेशला फोन केला आणि ओरडून सांगितलं की सगळं बंद कर, आत्ता, वायर काढ. त्यानेही काढली असावी, कारण पान पांढरं झालं. पांढऱ्या पानावर तेवढा अर्ज राहिला. मग तोही गेला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरला. अनुपमा कानात प्राण आणून ऐकत राहिली. तो पंख्याचाच आहे ना, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

स्वयंपाकघरात कोकमं निवडायचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. आईची पावलं कपाटापर्यंत गेली. कपाटाचं दार करकरलं.

“आई?” अनुपमाने हाक मारली. “काय शोधतेस?”

“अनू,” आई आतून अगदी रोजच्या आवाजात, रोजच्या मालवणीत म्हणाली, “माझो तो निळो स्वेटर खंय ठेवलंस गो? वॉर्डात थंडी असता...”