दोन ग्रॅडिक

"पाय काढा तिथून."

एवढंच म्हणाले मी, आणि तेही जरा कडकच. पाऊस नुकता थांबला होता, पाइनच्या झाडांवरून अजून थेंब टपटपत होते, आणि समोर एक उंच माणूस, पायात कोरे करकरीत पांढरे बूट, बरोब्बर एका कबरीवर उभा होता.

त्यानं खाली पाहिलं. ओली पानं, थोडीशी खचलेली जमीन, निळ्या कपाचा एक फुटका तुकडा.

"काय आहे इथं?"

"काय नाही. कोण आहे."

तो झटकन बाजूला झाला. दुसरा कुणी असता तर मला सॉरी म्हणाला असता. हा खाली वाकला आणि त्या जमिनीला हळूच म्हणाला, "माफ करा हं, बाई."

"बाई कशावरून? बुवाही असेल."

"कबरीवर कप ठेवलाय ना. आमच्या आजीच्या कपाला कुणी हात लावलेला चालायचा नाही. गेल्यावरसुद्धा तिनं बरोबर नेला असता."

आता यावर हसू आलं तर काय करायचं माणसानं? मी हातातलं नारिंगी निशाण जमिनीत खुपसलं आणि तोंड फिरवून घेतलं.

त्या वर्षी आमच्या हॅरोफील्ड गावच्या कौन्सिलनं भरपाई समिती नेमली होती. गुलामगिरीनं, आणि ती संपल्यावरच्या दीडशे वर्षांनी, आम्हा काळ्या लोकांचं काय काय नेलं आणि ते भरून द्यायचं तर कसं, याचा अभ्यास करायला. मी एरवी वाचनालयात नोकरी करते. शनिवार आणि रोजची संध्याकाळ समितीला दिलेली. जुन्या मळ्यामागच्या रानात आमची माणसं पुरलेली आहेत. त्यांच्यावर नावाचे दगड नाहीत. जमीन खचलेली दिसली, शिंपले दिसले, फुटकी भांडी दिसली, की निशाण लावायचं आणि पुढं जायचं.

"मी उत्तरेकडचा, डेट्रॉइटचा," तो निशाणांचा गठ्ठा न विचारताच उचलत म्हणाला. "लिफ्ट दुरुस्त करतो. आजोबा इकडचे. सतराव्या वर्षी गाव सोडलं, ते परत कधी नाव काढलं नाही. मागच्या वर्षी गेले. म्हटलं, ज्याचं नाव काढायचं नाही असं इथं आहे तरी काय, ते बघून यावं."

"आणि काय दिसलं?"

"अजून बघतोय." तो माझ्याकडेच बघत होता.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कान गरम होतात हे मला नव्यानं कळलं. ते लपवायला मी आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न विचारला. आमच्या भागात नवा माणूस भेटला की हवापाण्याच्या आधी हेच विचारतात. "तुमची माणसं कोण?"

"ग्रॅडिक," तो म्हणाला. "मी आयसम ग्रॅडिक."

मी त्याच्या हातातल्या गठ्ठ्यातलं एक निशाण उगाचच ओढलं.

"मी ज्युनेल."

"ज्युनेल… पुढं?"

"तेच," मी म्हणाले. "ग्रॅडिक."

झाडावरचं पाणी आमच्या दोघांच्या मधोमध टपटपत राहिलं.

ज्याच्या मळ्यात आम्ही उभे होतो तो गोरा मालक ग्रॅडिक होता. मुक्ती मिळाली तेव्हा मळ्यावरच्या जवळजवळ सगळ्यांना त्याचंच नाव लागलं. सख्खे भाऊ होते तेही ग्रॅडिक, आणि ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता तेही ग्रॅडिक. कोण कुणाचं हे तेव्हाच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ते त्यांच्याबरोबर या पानांखाली गेलं.

"म्हणजे आपण—" आयसम म्हणाला.

"असू. किंवा नसू."

"कळायचं कसं?"

"ओझेला आत्याला विचारायचं," मी म्हणाले, आणि तेव्हाच मला अर्धा अंदाज आला होता की काही खरं नाही.

ओझेला आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, लग्न न केलेली, आणि जिल्ह्यातली निम्मी लग्नं तिनं जुळवलेली किंवा मोडलेली. तिनं आयसमला ओसरीवर बसवलं, उकडलेल्या शेंगांचं भांडं पुढं ठेवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"आजोबांचं नाव?"

"रूबेन."

"खरं नाव नको रे. घरचं."

"ते… सांगितलं नाही कधी, मॅडम."

आत्यानं कपाळाला हात लावला. "माझ्या बाबांचे तीन चुलतभाऊ उत्तरेला गेले. बूटर, शुग आणि डंक. बूटरला बूटरच म्हणायचे. शाळेत बूटर, चर्चमध्ये बूटर. त्याचं खरं नाव काय होतं ते त्याच्या आईलाच माहीत, आणि ती आता विचारायला नाही. तुझे आजोबा डाव्या हातानं जेवायचे का?"

"नाही मॅडम."

"मग शुग नाही." तिनं एक शेंग फोडली. "बूटर किंवा डंक असू शकतो. किंवा कुणीच नाही."

"आत्या, अगं असला तरी ते किती लांबचं—"

"नातं ते नातं. तुझ्या लेम्युएल काकाचं विसरलीस? साखरपुडा झाला, केक कापला, आणि पुढच्या महिन्यात एका मयतीला गेले तर तो आणि त्याची होणारी बायको एकाच खोलीत, घरच्या माणसांच्या रांगेत." तिनं आयसमकडे चष्म्यावरून पाहिलं. "मुलगा चांगला आहे. म्हणूनच सांगते. कळेपर्यंत हातभर अंतर ठेवा."

आम्ही अंतर ठेवलं, अगदी शहाण्या मुलांसारखं. त्याची तीन आठवड्यांची रजा होती, आणि ती तो माझ्याबरोबर रानात घालवत होता. डास, चिखल, ऊन, मध्येच पाऊस. तो मला निशाण देताना कापडाकडून धरायचा आणि मी तारेकडून, म्हणजे बोटाला बोट लागायला नको.

"चुलत बहिणाबाई, थकलात का?"

"मला बहीण म्हणू नकोस."

"बरं. मग काय म्हणू?"

"…निशाण दे."

एकदा तो म्हणाला, "एवढं शोधून शेवटी मिळणार काय? चेक?"

"आला तर परत पाठवणार आहेस?"

"नाही बुवा. पण आजोबांना चेक नको होता. त्यांना…" तो थांबला. "खरं तर त्यांना काय हवं होतं ते मी विचारलंच नाही. मला वाटायचं, म्हातारा तिरसट आहे."

मी नुसती त्याच्या शेजारी उभी राहिले. हातभर अंतरावर.

डीएनए तपासणीची कल्पना त्याची. टपालानं दोन डबे मागवले, डब्यात नळी, नळीत थुंकून परत पाठवायचं, दीड-दोन महिन्यांनी उत्तर. आत्याच्या स्वयंपाकघरात आम्ही समोरासमोर बसलो. हसत हसत थुंकता येत नाही, आणि न हसता एकमेकांकडे बघता येत नव्हतं. शेवटी पाठीला पाठ लावून… म्हणजे पाठीला हातभर अंतर ठेवून काम उरकलं.

"पुढं कुणी विचारलं," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "की तुमचं कसं जुळलं, तर सांगताना पंचाईत आहे."

"अजून काही जुळलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला. जरा हळूच म्हणाला.

त्या रात्री मला नीट कळलं की मला भीती कशाची वाटतेय. उत्तर 'हो' आलं तर तो भाऊ होईल, नाताळात कार्ड पाठवेल, आणि मी त्याच्या बायकोला 'वहिनी' म्हणेन. त्या वहिनीचा मला आतापासूनच राग येत होता.

त्याच्या रजेच्या शेवटच्या संध्याकाळी कौन्सिलच्या सभागृहात समितीची जाहीर सुनावणी होती. मी जमीन आणि घरं या प्रकरणावर बोलायचं ठरलं होतं. आत्या दुसऱ्या रांगेत, चर्चचा पुठ्ठ्याचा पंखा हलवत. आयसम मागं भिंतीला टेकून. त्याचे पांढरे बूट आता तांबूस झाले होते.

मी दोन वाक्यं वाचली असतील, तेवढ्यात कौन्सिलचे व्हिटलो साहेब पुढं वाकले. भले गृहस्थ आहेत, वाचनालयात येतात, पुस्तकं वेळेवर परत करतात.

"मिस ग्रॅडिक, एक विचारू? जुनं सगळं वाईटच होतं, मान्य. पण आजचं सांगा. आज इथं बसलेल्या माणसाचं नेमकं काय नुकसान होतंय?"

मी कागदाकडे पाहिलं. उत्तर कागदावर होतं, चांगलं होतं. पण वर पाहिलं तर मागं भिंतीशी तो उभा…

"साहेब," मी म्हणाले, "मला एक माणूस आवडतो."

पंखे थांबले. कुणीतरी खुदकन हसलं.

"हसा, मलाही हसूच येतं. पण त्याचं आडनाव ग्रॅडिक आणि माझंही ग्रॅडिक. तुमच्या घरी असं झालं असतं तर तुम्ही पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं नाव काढलं असतं आणि जेवणाआधी उत्तर मिळालं असतं. माझ्या खापरपणजोबांना मोजलं ते मालकाच्या गाईबैलांबरोबर. वय लिहिलं, पुरुष आहे असं लिहिलं, नाव लिहिलं नाही. नवरा एकीकडं विकला, बायको दुसरीकडं, मुलं तिसरीकडं. जो विकत घेईल त्याचं नाव. मग त्यांची नातवंडं जीव मुठीत धरून उत्तरेला पळाली आणि तोंड मिटून बसली. म्हणून आज मला माहीत नाही, की तिथं मागं उभा आहे तो माझा भाऊ लागतो, की… कोण लागतो." मी पाणी प्यायले. "तुम्ही आजचं विचारलंत. हे आजचं आहे. आज सकाळी नाश्त्याला बसले होते, तेव्हाही होतं."

व्हिटलो साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "आणि याची भरपाई कशी करायची?"

"ते अजून कळलेलं नाही," मी म्हणाले. "म्हणून तर याला अभ्यास म्हणतात."

बाहेर आले तर पावसाची भुरभुर लागली होती. आयसम पायऱ्यांवर उभा.

"मला एकट्याला सांगितलं असतंस तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"एकट्याला सांगितलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं."

"आणि आता?"

"आता अख्ख्या गावाला द्यावं लागेल."

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. "गाडीत बसा दोघं. इथं डास आहेत."

आत्या मागच्या सीटवर बसली. वायपर चालू होते. पाइनच्या रांगा मागं पडत होत्या.

"त्याचं नाव थिओफिलस," आत्या अचानक म्हणाली.

"कुणाचं गं?"

"ग्रॅडिकच. मी एकवीस वर्षांची होते. आमचं नातं लागतं का, ते त्याच्या आईला सांगता येईना, माझ्या आईला सांगता येईना. तेव्हा असं नळीत थुंकायची सोय नव्हती." ती थांबली. "मी नाही म्हटलं."

आयसमनं गाडीचा वेग कमी केला. मला मागं वळून बघायचं धाडस होईना.

"कुठं असतात ते आता?" त्यानंच विचारलं, अगदी हळू.

"सव्हॅनाला. नातवंडं आहेत… गातात म्हणे छान." मग म्हणाली, "आम्ही कोण होतो एकमेकांचे, ते मला अजून माहीत नाही बरं का. आज ज्युनेल बोलली तेव्हा वाटलं, एवढी वर्षं मी हे माझंच खासगी दुःख समजत होते."

दुसऱ्या सकाळी तो डेट्रॉइटला गेला. उत्तर दिलं नाही. मी मागितलं नाही. रोज फोन यायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गोष्टी सांगायचा, मी किती कबरींवर निशाणं लावली ते सांगायचे. मुद्द्याचं कुणी बोलायचं नाही.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी फोनवर निकाल आला. मी वाचनालयातून तशीच आत्याकडं गेले, कारण एकटीला उघडवेना.

"मोठ्यानं वाच," आत्या म्हणाली.

"जवळचं नातं आढळलं नाही," मी वाचलं. आणखी खाली वाचलं. "फार दूरचं असू शकेल. निश्चित सांगता येत नाही."

आत्यानं दोन बोटं मिटली. "म्हणजे बूटर नाही आणि डंकही नाही." मग म्हणाली, "निश्चित सांगता येत नाही, हे तर मला न थुंकताच माहीत होतं. फोन लाव त्याला. रविवारी जेवायला ये म्हणावं. आणि आईला घेऊन ये म्हणावं. पुढचं बोलायला कुणीतरी मोठं माणूस लागतं."

पहिल्याच घंटेला त्यानं उचलला. मागं वाऱ्याचा, गाड्यांचा आवाज.

"आयसम, कुठं आहेस?"

"टेनेसी… आत्ता ओलांडलं."

मी खुर्चीवर बसले. "टेनेसीकडं काय करतोयस?"

"पहाटे निकाल आल्याचा निरोप दिसला. तो उघडण्याआधीच तुमच्याकडं यायला निघालो. उघडला असता आणि मग निघालो असतो, तर तुला वाटलं असतं कागद बघून आला."

"म्हणजे तू अजून वाचलेलाच नाहीस?"

"गाडी चालवतोय ना. तू पण सांगू नकोस."

"आणि वाईट निघाला असेल तर?"

"तर जेवून जाईन, आणि जन्मभर तुझ्या आत्याकडे बघून उसासे टाकीन." थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज. "ज्युनेल… काय म्हणाली आत्या?"

"रविवारी जेवायला बोलावलंय."

"कोण म्हणून?"

"तुझ्या आईला घेऊन यायला सांगितलंय," मी म्हणाले. "पुढचं बोलायला."

 मग गाडी कडेला घेतल्याची टिकटिक ऐकू आली. मग कुणीतरी फोन हातातून काढून घेतला आणि एक जाडसर, ठसकेबाज आवाज आला.

"ज्युनेल बाळ, मी आईच बोलतेय, इथं शेजारी बसलेय. तुमच्या आत्याबाईंना सांग, आम्ही रविवारपर्यंत थांबत नाही, रात्रीच पोचतोय. केंटकीपासून हा पोरगा काचेकडे बघून ओठ हलवतोय. मला वाटलं प्रार्थना करतोय."

"मग काय करतोय?" मी विचारलं.

"सराव," ती म्हणाली. "आता रडतोय, तेवढं झालं की निघतो."