तिसरा सर्व्हर आणि स्वेटरवाला

‘‘नुसतं ‘आहेस ना’ विचारू नकोस, एखादं काम सांगून बघ,’’ असं आमच्या टीमच्या बाईंनी मला बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं.

आमची वेबसेवा दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट द्यायची. पुढे एक सर्व्हर, मागे चार. आलेली विनंती मागच्यांपैकी सगळ्यात मोकळा असेल त्याच्याकडे धाडायची, हे पुढच्याचं काम. दर पाच सेकंदांनी तो चौघांची हजेरी घ्यायचा. ती तपासणी मीच लिहिलेली, नुसतं ‘आहेस ना’ विचारणारी.

एका सोमवारी सकाळपासून फोन खणखणू लागले. अपॉइंटमेंट मिळेनात, आणि माझ्या पडद्यावर मात्र चारही दिवे हिरवे. मी धावतच सर्व्हरच्या थंडगार खोलीत शिरले. तिथली यंत्रं सांभाळणारा, भर उन्हाळ्यात राखाडी स्वेटर घातलेला एक जण वळून म्हणाला, दार लावा, माझा गारवा पळतोय.

त्यानेच मग दाखवलं. तिसऱ्याचा डेटाबेसशी संबंध तुटला होता. हजेरीला तो ‘आहे’ म्हणायचा, पण येईल ती विनंती काम न करताच क्षणात परतवायचा, म्हणून सगळ्यात मोकळा दिसायचा. आणि मोकळा दिसतो म्हणून पुढचा सगळं त्याच्याच पदरात टाकायचा. आम्ही त्याला बाजूला काढलं, आणि मी तिथेच गारठ्यात तपासणी नव्याने लिहायला बसले. खांद्यावर अलगद स्वेटर आला.

‘‘माझ्या चुकीवर पांघरूण नकोय मला.’’

‘‘पांघरूण कुठलं... स्वेटर आहे तो.’’

तो परत करायला मला तीन आठवडे लागले. मधे अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. कुणाचंही काही अडलं की सगळे त्याच्याकडे. कसा आहेस विचारलं की लगेच ‘मस्त’. इतकं लगेच, की माझ्या जिवाला घोर लागायचा.

एका दुपारी कळलं, त्याने राजीनामा दिलाय, शुक्रवारी निघणार. कारण विचारलं, तर काही नाही, मस्त चाललंय. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

‘‘आज काय जेवलास?’’

तो हसला, मग हसू विरलं. ‘‘बिस्किटं... उभ्याउभ्या.’’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावी आई पाच महिने अंथरुणाला खिळलेली, जवळ घरचं कुणी नाही, शेजारी बघतात तेवढंच. मला सांगायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. उगाच माझ्या मागे व्याप कशाला, म्हणून.

‘‘थोडं माझ्याकडे धाड ना,’’ मी म्हटलं.

‘‘थोडं नाहीये ते.’’

‘‘मग सगळं. मीही येते.’’

त्याने आपली खुर्ची पुढे ओढली. ‘‘असं रोज विचारशील?’’

‘‘खरं सांगणार असशील... तर जन्मभर.’’

आता सासूबाई काठी टेकत अंगणापर्यंत जातात. आमचं बाळ चार महिन्यांचं आहे. झोपलं की मी दर घटकेला त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, आणि ‘परत नुसतं आहेस ना विचारतेस’ ही नवऱ्याची चेष्टा रोज ऐकून घेते.

तुमच्याही ऑफिसात कुणीतरी असेल, विचारायच्या आत ‘मस्त’ म्हणणारं. आज जरा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा. काय जेवलं ते विचारा... आणि खरं उत्तर येईपर्यंत उठू नका.