सतरा नंबरचं हिरवं दार

"चार आठवडे! घर रिकामं करायला फक्त चार आठवडे दिलेत तुला... आणि तू शांतपणे चहा ओततीयेस?"

नोरीनच्या भावानं, क्लिफनं, कौन्सिलचं पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर असं आपटलं, की साखरेच्या भांड्यावरचं झाकण खणखणलं. आईला जाऊन आज अकरा दिवस झाले होते. आईच्या खुर्चीवर तिची विणलेली शाल अजून तशीच होती, खिडकीत तिचा चष्मा तसाच होता, आणि सवयीनं नोरीननं आजही तीन कप काढले होते... तिसरा कप तिनं हळूच परत कपाटात ठेवला.

पत्रात काही लपवाछपवी नव्हती. कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या घराचा भाडेकरू गेला, की त्याच्या माघारी ते घर घरातल्या एकाच माणसाच्या नावावर होऊ शकतं आणि तेही एकदाच. बाबा गेले तेव्हा ते आईच्या नावावर झालं होतं. आता दुसऱ्यांदा नाही. अठ्ठावन्न वर्षं ज्या घरात काढली, जिथं आईबापांचं औषधपाणी केलं, त्या घरात नोरीन आता कायद्यानं पाहुणी होती! शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली तिला देऊ केली होती.

"बाबांची तत्त्वं!" क्लिफ येरझाऱ्या घालत म्हणाला. "घर राहायला असतं, कमवायला नसतं! ऐकून ऐकून कान किटले होते माझे. सगळ्या गल्लीनं घरं विकत घेतली, अर्ध्या किमतीत! त्या शेजारच्या मेव्हिसनंसुद्धा घेतलं, जिला गॅस कंपनीचे शेअर आणि गॅसची शेगडी यांतला फरक कळत नव्हता! आणि आपण? आपण भाडं भरत बसलो. बरं, बाबांचं सोड, ते जुन्या वळणाचे. पण तू? बाबा गेल्यावर आईच्या नावानं घेता आलं असतं ना? भिंतींसारखी दुसरी गुंतवणूक नाही, हे मी घसा कोरडा करून सांगत होतो. काय करत होतीस तू इतकी वर्षं?"

"राहत होते," नोरीन म्हणाली.

"हेच! हेच ते! बाबांची लेक शोभतेस!"

तो तणतणत मागच्या अंगणात शेड आवरायला निघून गेला. नोरीन गार होत चाललेल्या चहाकडे बघत राहिली. एक शब्द... एकच शब्द उच्चारला असता, तर त्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं! पण तो शब्द तिनं बावीस वर्षं काळजाशी धरून ठेवला होता. आता या शेवटच्या चार आठवड्यांत तो निसटू द्यायचा? छे, छे!

या गल्लीत कोण मालक आणि कोण भाडेकरू, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. कौन्सिल सगळ्या घरांची दारं एकाच हिरव्या रंगानं रंगवायची. सरकारनं भाडेकरूंना घरं विकायला काढली, आणि ज्यानं त्यानं सह्या करून आल्या आल्या, कोट काढायच्या आधी, पहिली कुठली गोष्ट केली असेल तर ती दार रंगवायची. एकोणीस नंबरच्या मेव्हिसचं दार झालं पांढरं, तेवीसचं निळं, पलीकडच्याचं तर चक्क पिवळं! हां हां म्हणता गल्लीत एकच हिरवं दार उरलं. सतरा नंबर... विल्फ हेग यांचं, म्हणजे बाबांचं.

बाबा पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते, युनियनचे जुने खांब. "हे घर माझं नाहीच, तर घेऊ कसं?" म्हणायचे. "माझ्यानंतर ज्याच्या पोरांच्या डोक्यावर छप्पर नसेल, त्याचं आहे ते." दर निवडणुकीला समोरच्या खिडकीत त्यांच्या पक्षाचा लाल कागद लागायचा. सत्त्याऐंशीच्या निवडणुकीत मात्र सकाळी ते कामावरून आले, तर लाल कागदाच्या शेजारी घरं विकायला काढणाऱ्या पक्षाचा निळा कागद! क्लिफनं लावलेला. त्याला घरं विकण्याच्या दुकानात नवी नोकरी लागली होती, नवा सूट होता आणि नवी मतंही होती. बाबांनी तो कागद फाडला. "माझ्या खिडकीत नाही!" "तुमची खिडकी? खिडकी कौन्सिलची आहे, बाबा, हाच तर मुद्दा आहे!" असं क्लिफ म्हणाला आणि सगळं संपलं. त्या दिवशी तो दक्षिणेला गेला तो गेलाच. दोन वर्षांनी बाबांच्या अंत्यविधीला आला, मागच्या बाकावर बसला, आणि चहाला न थांबता परत गेला.

बापलेकांचं हे असं अर्धवट तुटणं... ते शल्य नोरीनच्या मनातून कधी गेलं नाही.

"नोरीन!"

हाक मागच्या अंगणातून आली. ती दारात गेली. क्लिफ रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यापाशी उभा होता, आणि त्याच्या हातात रंगाचा एक डबा होता. गंजलेला, पण कधीच न उघडलेला. नोरीननं तो लगेच ओळखला. आईनं तो टाकला नव्हता! कुठं दडवला होता तिनं इतकी वर्षं?

डब्याच्या कडीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. क्लिफनं तो मोठ्यानं वाचला. "सतरा नंबरच्या दारासाठी. सोमवारी सह्या. अकरा मार्च एक्क्याण्णव." त्यानं वर पाहिलं. "हे आईचं अक्षर आहे. कसल्या सह्या?"

"असेल काहीतरी जुनं. टाकून दे."

तेवढ्यात कुंपणापलीकडून मेव्हिसचं पिकलेलं डोकं वर आलं. पंच्याऐंशीची होती, पण कान अजून शाबूत होते, आणि जीभ तर त्याहून.

"अगबाई! तो डबा अजून आहे? अरे, मीच गेले होते तुझ्या आईबरोबर, एडनाबरोबर तो आणायला! मी म्हटलं, लाल कशाला घेतेस बाई, तर म्हणते कशी, 'विल्फ थडग्यातून उठून आला तरी या रंगाला नावं ठेवायचा नाही!' हसून हसून मुरकुंडी वळली आमची. सगळं ठरलं होतं रे. नोरीननं चौदा वर्षं शाळेत बटाटे सोलून पैसे साठवले होते, सोमवारी सह्या, आणि शनिवारी बघते तर एडनाचा चेहरा हा एवढासा! म्हणे, विचार बदलला. मला वाटलं, विल्फच्या आठवणीनं कच खाल्ली दोघींनी."

"मेव्हिस, तुझी भाजी करपेल," नोरीन घाईघाईनं म्हणाली.

"भाजी नाही, ॲपल पाय आहे, आणि तो..." मेव्हिसचं लक्ष क्लिफच्या चेहऱ्याकडे गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती वाक्य अर्धं टाकून आत गेली.

क्लिफ स्वयंपाकघरात आला. डबा त्यानं कौन्सिलच्या पत्रावर ठेवला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"बारा मार्च. मला बँकेनं बारा मार्चपर्यंत मुदत दिली होती, नोरीन. दोन घरं कर्जावर घेऊन बसलो होतो, व्याजाचे दर भडकले, घरांच्या किमती कोसळल्या, माझ्या बायकोला, लिंडसेला सातवा महिना, आणि मंगळवारी सामान रस्त्यावर येणार होतं. ती तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही. लिंडसेनं आईला कळवलं, आणि शुक्रवारी आईचा फोन आला. म्हणाली, बाबांनी तुझ्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत, युनियनकडून आलेले, तुझ्या अडचणीला द्यायला सांगून गेलेत." त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "बाबांनी काही ठेवलं होतं का?"

"अरे, होते थोडे..."

"माझ्याकडे बघून सांग."

ती बघू शकली नाही. बावीस वर्षं जे असत्य तिनं एखाद्या व्रतासारखं सांभाळलं, ते तिच्या झुकलेल्या नजरेनं एका क्षणात सांगून टाकलं!

"तू..." क्लिफ मटकन खाली बसला, आईच्याच खुर्चीत. "तुझं घर होतं ते! आणि मी आत्ता तुला... देवा रे! का नाही सांगितलंस? कधीतरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर घेतले असतेस?" नोरीनचे डोळे आता वाहू लागले. "आणि नुसतं तेवढंच नाही रे. आईचा फोन आला तेव्हा तू काय केलंस, आठवतं? हुंदके देऊन रडलास. 'बाबांनी मला माफ केलं, आई' म्हणालास. मी शेजारी उभी होते, मला ऐकू येत होतं. पुढच्या महिन्यात थडग्यावर फुलं घेऊन आलास, या टेबलावर बसून जेवलास, बाबांच्या गोष्टी सांगितल्यास... चार वर्षांनी! मला माझा भाऊ परत मिळाला, तुला तुझा बाप मिळाला. त्यापुढं दाराचा रंग कसला घेऊन बसायचं? आईला मी शपथ घातली. ते तुझ्याकडून हिरावून घ्यायला माझी जीभ रेटली नाही, क्लिफ..."

पन्नाशी उलटलेला, सुटाबुटातला तो माणूस, आणि ओठ मात्र रडू आवरणाऱ्या मुलासारखे थरथरत होते.

"म्हणजे नव्हतं केलं माफ," तो शेवटी म्हणाला. "ते फक्त तू केलंस."

हाच घाव! याच एका घावापासून त्याला वाचवण्यासाठी तिनं सगळं केलं होतं, आणि आज तो तिच्याच घरात, तिच्याच डोळ्यांदेखत त्याच्यावर बसला होता. नोरीन उठली, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्याचे दोन्ही हात तिनं हातांत घेतले.

"ऐक. पैसे बाबांचे होते, ते खोटं होतं. पण हे खरं आहे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशात एक कात्रण होतं. तुझ्या दुकानाची जाहिरात, तुझा फोटो असलेली. घरं विकायची जाहिरात, क्लिफ! बाबांच्या खिशात! घडी उघडून उघडून फाटायला आली होती. कुणाला ती दाखवली, की म्हणायचे, 'सगळं चुकतंय त्याचं, पण टाय बरा बांधतो.'"

"कुठं आहे ते?"

"त्याच कोटात पुरलं आपण त्यांना. मी काढून घेतलं नाही."

म्हणजे पुरावा काहीच नव्हता, आणि सांगणारी बावीस वर्षं खोटं बोललेली! क्लिफ तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिला. आणि मग, रडतारडताच, त्याला हसू फुटलं.

"'टाय बरा बांधतो'... हे तुला सात जन्मांत सुचणार नाही. हे बाबाच!" आणि बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून तो असा रडला, जसा बापाच्या शवपेटीपुढं रडायचा राहून गेला होता.

डोळे पुसल्याबरोबर त्याच्यातला घरं विकणारा जागा झाला. "मी घेतो हे घर! पूर्ण किमतीत! त्याहून जास्त देतो. उद्याच कौन्सिलमध्ये जातो, कोण मला..."

"ते विकायला नाहीये, क्लिफ."

"सगळं विकायला असतं, नोरीन."

"भाडेकरूला विकतात. बाहेरच्याला नाही. भाडेकरू आई होती, ती गेली. यादीत तीनशे कुटुंबं ताटकळत आहेत, त्यांतलं पहिलं येईल इथं." ती हळूच म्हणाली, "बाबा हेच तर सांगत होते रे."

तिला क्लिफनं आपल्या घरी चल म्हणून नाना प्रकारे विनवलं, पण ती नाही म्हणाली. शाळा इथं, थडगी इथं, आणि मेव्हिसला ॲपल पाय करपल्याचं सांगणारंही कुणीतरी हवं! तिसऱ्या मजल्यावर रुबार्ब लागेल का, एवढीच तिला चिंता होती. एक मुळी तिनं बादलीत काढून ठेवली.

किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी क्लिफ पुन्हा आला. जुन्या डब्यातला रंग दगड होऊन गेला होता, म्हणून त्यानं तस्साच लाल नवा आणला होता. सूट काढून बाबांचा जुना डगला अंगात घातला आणि तो हिरवं दार घासायला बसला.

"अरे, कौन्सिलची परवानगी लागते! दंड करतील," नोरीन म्हणाली.

"करू देत."

"आणि लाल? तू? गेल्या मतदानालाही निळ्यालाच दिलंस ना?"

"देणार, पुढच्या वेळीही देणार. हलू नकोस, डबा धर."

दुपारपर्यंत दार रंगून झालं. मेव्हिस आपल्या पांढऱ्या दारात उभी राहून बघत होती, आणि आज तिनं एकही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी कौन्सिलचा माणूस आला. त्याच्यामागून आली एक तरुण बाई, कायली नावाची, कडेवर एक मूल, ढकलगाडीत दुसरं, आणि उरलेला सगळा संसार दोन पिशव्यांत. वर्षभर ती मुलांना घेऊन एका लॉजच्या खोलीत राहत होती. दाराकडे बघून कौन्सिलच्या माणसानं कपाळाला आठ्या घातल्या, कागद चाळले, आणि नोरीनच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून ते पुन्हा मिटले.

कायली मात्र पायरीपाशीच थबकली. गल्लीतली रंगीत दारं मालकांची, हे तिलाही ठाऊक असावं. तिनं भीतभीत विचारलं, "हे... हे भाड्याचंच ना? या दाराचे वेगळे पैसे नाहीत ना पडणार?"

नोरीननं रुबार्बची बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. किल्ली त्या पोरीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"नाही गं, राणी," ती म्हणाली. "याचे पैसे केव्हाच भरलेत."

क्लिफनं तोंड फिरवलं, आणि नोरीनच्या हातातली बादली घेऊन गाडीत ठेवली.