डाव्या हाताची काठी

"ही घ्या ताई, नऊ फुटी. हिच्यानं मगर ओढाल, मगर!"

दुकानदारानं मासे धरायची ती जाडजूड काठी हातात ठेवली आणि लुंबिनीचा खांदाच खाली आला.

"आमच्या तलावात मगर नाही हो. मरळ आहे," ती म्हणाली.

"मग तर घ्याच. जाड काठी, मोडायची चिंता नाही."

"घेऊन टाक गं," प्रीतमदादा कंटाळून म्हणाला. लातूरच्या त्या चिंचोळ्या दुकानात त्यांना पाऊण तास झाला होता आणि बाहेरची उसाच्या रसाची गाडी त्याला सारखी खुणावत होती. "जाड म्हणजे मजबूत. एवढा काय कीस पाडतेस?"

पण सातवीतली लुंबिनी कीस पाडण्यात एखाद्या वकिलालाही दमवणारी होती. तिनं पिशवीतून रबरी बेडूक काढला. मरळ शेवाळाखाली दबा धरून बसते आणि वर बेडूक हलला की झडप घालते. म्हणून हा बेडूकही तरंगणारा होता आणि शेवाळात अडकू नये म्हणून त्याचे गळ पाठीला चिकटून बसवले होते. बाबांच्या ओळखीच्या डाळमिलमध्ये नमुन्याची डाळ जोखायचा नाजूक काटा असतो, त्यावर तिनं तो तोलूनही आणला होता. बारा ग्रॅम भरला होता.

दुकानाबाहेर जाऊन तिनं गळांना बूच टोचलं आणि नऊ फुटी काठीनं बेडूक फेकला. काठी जरासुद्धा वाकली नाही. बेडूक समोरच्या स्कूटरपाशीच पडला. दुसरी चकचकीत काळी काठी सुरेख होती, पण तिची किंमत ऐकून दादानंच ती परत ठेवली. तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती. साडेसहा फूट, दोन तुकड्यांत सुटणारी, लवचिक टोकाची. मुठीजवळ बारीक अक्षरांत लिहिलं होतं, '५ ते २० ग्रॅम'. लुंबिनीनं ती झटकली. बेडूक भुर्रकन उडाला आणि थेट रसाच्या गाडीच्या ताडपत्रीवर जाऊन बसला.

"हीच," ती म्हणाली. दोघांनी गल्ले फोडून आणलेल्या पैशांत ती रिळासकट बसली.

"आणि रिळाचं हँडल उजव्या बाजूला लावून द्या. डाव्या हातानं फेकायची आहे."

"डावखुऱ्या का तुम्ही?"

"मी नाही," लुंबिनी एवढंच म्हणाली.

काठी आबांसाठी होती. व्यंकटराव म्हणजे लुंबिनीचे आबा, जळकोटजवळच्या आपल्या गावात जन्मभर तलावावर मासे धरत आले होते. गेल्या दिवाळीत त्यांचा उजवा हात लुळा पडला. बांबूची जड काठी त्यांनी आढ्याला खोचून टाकली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही. रोज चार वाजता मात्र ते तलावावर जात, काठच्या काळ्या दगडावर बसत आणि नुसतं पाणी बघत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताची बोटं हलती ठेवा. मग रीळ फिरवणं म्हणजे बोटं हलवणंच की! पण आबांना शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं. म्हणून पुढचे पंधरा दिवस ती गच्चीवर काठीच्या तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, खोडरबर बांधून डाव्या हातानं फेकत होती. पहिल्या आठवड्यात शेजारच्यांची वाळत घातलेली एक चादर आणि प्रीतमदादाचा कान एवढीच शिकार झाली.

मे महिन्यात गावी पोचल्यावर काठी खऱ्या पाण्यावर एकदा आजमावायची ठरली. सोबत शेजारची शिवकन्या होती, अण्णारावकाकांची मुलगी, तलावाची कानाकोपऱ्यासकट माहितगार. आबांना सुगावा लागू नये म्हणून बहीणभावांनी घरी सांगितलं, शिवकन्याकडे जातो. शिवकन्यानं घरी सांगितलं, लुंबिनीकडे जाते. बेत अगदी चोख होता. त्यातली मेख नंतर कळायची होती.

दुपारी दोनला तिघं तलावावर पोचली. काठापासून एक लोखंडी पूल पाण्यात जात होता आणि त्याच्या टोकाला जॅकवेल उभी होती. म्हणजे पाण्यातली सिमेंटची उंच गोल विहीर. तिच्या डोक्यावर मोटारीची खोली आणि खोलीभोवती अरुंद सज्जा. मोटार घरघरत होती.

"गंमतच हाय," शिवकन्या म्हणाली. "मोटार दिवसभर चालू, अन् गावात चार दिस झाले नळाला थेंब न्हाई. मोटारवाला महादेवप्पा म्हणतो, लाईन फुटली असंल कुठंतरी, बघून राहिलोय."

"बघतोय का खरंच?"

"कशाचं बघतो! मोटार चालू करतो अन् जातो."

मग तिचं बोट जॅकवेलकडे गेलं. "ते बघ. वारं न्हाई, काही न्हाई, अन् तिच्या मागं पाणी कामून उकळून राहिलं?"

खरंच, जॅकवेलच्या पलीकडच्या अंगाला पाणी ढवळत होतं आणि बारके मासे उड्या मारत होते. काठावरून नीट दिसत नव्हतं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला, जॅकवेलपाशी असलेलं फाटक उघडं होतं. पिशवी आणि दादाचा फोन बाभळीखाली ठेवून तिघं पुलावर शिरली. बेडूक बांधलेली काठी लुंबिनीच्या हातातच राहिली. नवी काठी कोण खाली ठेवतं?

सज्ज्यावरून मागे जाऊन त्यांनी खाली वाकून बघितलं. मोटारीतून निघालेल्या जाड पाइपाच्या पोटाला चाक फिरवून उघडायचा एक वॉल होता. तो सताड उघडा होता आणि त्यातून मांडीएवढी धार धबाधबा तलावातच पडत होती.

"गाळ काढायचा वॉल हाय हा," शिवकन्या म्हणाली. "पाइप धुवायला उघडतेत. उघडला अन् लावायचंच इसरला की बाबा!"

"म्हणजे चार दिवस तलावाचं पाणी तलावातच?" दादाला हसू आवरेना.

तेवढ्यात मोटारीच्या खोलीचं दार वाजलं. महादेवप्पा बाहेर आला. पुलावर पोरं दिसली की तो काठी घेऊन मागे लागतो हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघं भिंतीला चिकटली. महादेवप्पा फोन कानाला लावून तरातरा फाटकाबाहेर पुलावर गेला.

"निघालोच की. अक्षता हुकू देत न्हाई. मोटारीचं काय, आता उद्या सकाळच्यालाच येतो."

फाटक बंद झालं. कुलूप खट्कन लागलं. तेव्हा कुठे तिघं भानावर आली आणि धावत सुटली.

"काका! ओ काका!"

मोटारीच्या घरघरीत हाका विरल्या. मोटारसायकलचा धूर राहिला, महादेवप्पा गेला.

फाटक पुरुषभर उंच होतं. वर टोकदार सळया आणि दोन्ही बाजूंना पाण्यावर पंख्यासारखी पसरलेली काटेरी तार. दादानं चढून बघितलं आणि तळहात खरचटून घेऊन खाली आला.

"मी पोहून जातो," तो म्हणाला.

"जाशील!" शिवकन्यानं त्याचा सदराच धरला. "हितं खाली मोटार पाणी ओढती. दोन वर्सामागं म्हशीचं रेडकू गेलं होतं. पुन्हा बोलू नको."

दादा सज्ज्याच्या कडेपासून मागे सरकला.

मेचं ऊन सज्ज्यावर तापत होतं. मोटारीच्या खोलीला बाहेरून कुलूप, म्हणजे मोटार बंद करायचीही सोय नाही. वॉलच्या चाकापर्यंत हात पोचत नव्हता. तिघं ओरड ओरड ओरडली, पण मोटारीच्या घरघरीत त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. खोलीची वीतभर सावली होती, तिच्यात तिघं खांद्याला खांदा लावून बसली. चहूकडे पाणी आणि घसा कोरडा. दूर बाभळीखाली पिशवी दिसत होती आणि त्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती.

"घरी शोधायला निघतील," दादा म्हणाला.

"कशाला निघतील?" लुंबिनीचा आवाज बारीक झाला. "आजीला वाटतंय आपण शिवकन्याकडे. हिच्या आईला वाटतंय, ही आपल्याकडे."

बेतातली मेख ती हीच. शिवकन्या गुडघ्यात तोंड घालून बसली. एवढी धीट मुलगी, पण तिचे खांदे हलत होते. लुंबिनीलाही रडू येत होतं. चारला आबा येतील, पण मोटारीच्या आवाजात त्यांना हाक कशी पोचणार? अंधार पडला तर? सकाळपर्यंत इथंच? तिनं काठी पोटाशी घट्ट धरली.

चार वाजले असावेत. काळ्या दगडापाशी पांढरं धोतर हललं.

"आबा!"

तिघं सज्ज्याच्या त्या बाजूला धावली. हात हलवले, उड्या मारल्या, गळे फाटेस्तोवर हाका मारल्या. आबा दगडावर बसले होते आणि खाली पाण्याकडे बघत होते. वर बघतच नव्हते.

"कायम खालीच बघतेत," शिवकन्या रडवेल्या आवाजात म्हणाली. "पाण्यातच काय ठुलंय?"

लुंबिनी थांबली. पाण्यात! आबा जॅकवेलकडे कशाला बघतील? मासे धरणारा माणूस पाण्याकडेच बघणार. मग आपणच पाण्यात दिसायला हवं.

"दादा, बेडूक तिकडे फेकते मी."

"तेवढ्या लांब? दगड साठ-सत्तर मीटरवर असेल."

"दगडापर्यंत नको. निम्म्यापर्यंत गेला तरी आबांना दिसेल. माशीसुद्धा दिसते त्यांना."

तिनं काठी डाव्या हातात धरली. घामानं मूठ घसरत होती. पहिल्या फेकीत बेडूक दहा हातांवर पडला. दुसऱ्या फेकीत तो वाकडा जाऊन काटेरी तारेला अडकला. बेडूक एकच होता.

"ओढ!" दादा ओरडला.

"ओढू नको, तंगूस तुटंल!" शिवकन्या ओरडली.

लुंबिनीनं तंगूस सैल सोडला, काठीचं टोक हळूच वर-खाली हलवलं. बेडूक तारेवर झोके घेऊ लागला आणि एका झोक्याला सुटून टप्पकन पाण्यात पडला. तिनं तो जवळ घेतला, श्वास घेतला आणि गच्ची आठवली. टोक मागे, क्षणभर थांबायचं, मग झटका. काठी सुरेख वाकली. बेडूक उंच उडाला, लांब गेला, शेवाळाच्या पलीकडे पडला.

तीन झटके. थांबा. पुन्हा तीन झटके. थांबा. बेडूक शेवाळावरून फुदकत येऊ लागला. तो कुठेच अडकला नाही.

आबांची मान वळली.

"बघतायत," लुंबिनी पुटपुटली. पुन्हा फेक. तीन झटके, थांबा. चौथ्या फेकीला आबा उठून उभे राहिले. असा मोजूनमापून उड्या मारणारा बेडूक त्यांनी साठ वर्षांत पाहिला नव्हता. त्यांची नजर बेडकावरून तंगुसावर आली, तंगुसावरून काठीच्या टोकावर, आणि मग वर सज्ज्यावर. त्यांनी कपाळावर डाव्या हाताचा आडोसा धरला. मग तोच हात उंच केला आणि ते गावाच्या दिशेनं चक्क पळत सुटले.

ती अर्ध्या तासाची वाट सगळ्यांत लांब होती. मग बांधावर माणसं दिसली. पुढे अण्णारावकाका, त्यांच्या खांद्यावर पहार. दोन घावांत कुलूप तुटलं. अण्णारावकाकांनी आधी शिवकन्याला उराशी धरलं, मग रागावले आणि मग पुन्हा उराशी धरलं.

"काका, आधी हे बघा," दादा त्यांना ओढत सज्ज्याच्या मागे घेऊन गेला.

धार बघून अण्णारावांनी खिशातून फोन काढला. फोन गेला, महादेवप्पा आला. फेटा तसाच, फेट्यात अक्षता तशाच. गुमान खाली उतरून त्यानं वॉल फिरवला. उकळणारं पाणी शांत झालं. थोड्या वेळानं गावाकडून पोरासोरांचा गलका ऐकू आला, "पाणी आलं!"

"चार दिस सारं गाव मोटारीचा आवाज ऐकत बसलं," अण्णाराव म्हणाले, "अन् बघितलं ते ह्या पोरांनी. महादेवप्पा, आता जाताना मागं वळून बघत जा."

"चुकलंच माझं," महादेवप्पा फेटा काढत म्हणाला. "लेकरं अडकली हायत हेबी बघितलं न्हाई मी. शाबास रे पोरांनो."

सगळे परत फिरले, पण आबा पुलाच्या तोंडाशी थांबले होते. त्यांनी लुंबिनीच्या हातातली काठी घेतली, हलवून वजन बघितलं आणि रिळाकडे बघत राहिले.

"हँडल उजवीकडं हाय," ते म्हणाले. "म्हणजे फेकायची डाव्या हातानं. तू तर उजवी. तुला डावं कधीपासून येतंय?"

"पंधरा दिवसांपासून."

आबांना सगळं कळलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. ते काळ्या दगडापाशी गेले. लुंबिनीनं बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. पहिल्या फेकीत बेडूक त्यांच्या पायाशीच पडला. कुणी हसलं नाही. तिसऱ्या फेकीत तो शेवाळाच्या कडेला जाऊन बसला. आबांची लुळी बोटं हँडलवर आली, अडखळली आणि मग हळूहळू गोल फिरू लागली. तीन झटके. थांबा.

"हलकी हाय," आबा म्हणाले. "चांगली निवडली, बाय."

मरळ काही लागली नाही. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी काठीचे दोन तुकडे सोडवले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि लुंबिनीकडे न देता स्वतःच्याच काखेत धरले.

"उद्या तीनलाच येऊ," ते म्हणाले. "चारला लई उशीर होतो."