दांडीच्या फाट्यावरचा दिवा

एकमेकांना चिकटून बसू नका रे, अजून काहीच घडलेलं नाही. कमलाकांत माझा शाळूसोबती. खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे त्याचे. हे सांगताना झाले नव्हते.

सन चौसष्ट, कार्तिकातली अमावास्या. बोईसरकडून येताना दांडीच्या फाट्यावर तेव्हा दिव्याची पाटी होती. लोखंडी पेटी, पुढं काच, काचेवर ‘दांडी’ आणि बाण, आत रॉकेलचा दिवा. कमलाकांतच्या वडिलांनी, बळवंतकाकांनी, तो तीस वर्षं रोज सांजेला लावला. गावाच्या पायांना सवयच होती. अंधारात दिव्याच्या रोखानं सरळ चालायचं, दिव्यापाशी पोचलं की डावीकडं, पुलाकडं वळायचं. कारण समोर खाडी.

रस्ता रुंद होणार होता. पाटी उद्या भंगारात जाणार, हे कमलाकांतला कळलं. काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, दिवा आता तोच लावायचा. दुपारीच हातगाडी घेऊन गेला, मुकादमाची मनधरणी केली आणि पाटी उपटून घरी आणली. गंज खरवडला, राखेनं काच लखलखीत केली. बापाची एवढी एक खूण वाचवली म्हणून स्वारी खूश.

त्याचं घर खाडीच्या पल्याड, फाट्याच्या अगदी समोर. दिवेलागण झाली. काकांचा नेम मोडू नये म्हणून त्यानं पाटी ओटीवर टांगली आणि दिवा लावला.

त्याची बायको वत्सला म्हणाली, “जानू उमरोळीवरनं येनार हाय, रातच्या गाडीनं. भात झाकून ठेवलाय.”

जानू तिचा एकुलता भाऊ. बोईसरला उतरून चालत येणार. कमलाकांतनं नुसती मान डोलावली. दिव्याकडेच बघत बसला होता, मूर्ख. पण खरं सांगतो, माझ्याही ध्यानात आलं नसतं.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. बाराला पुरी भरती. पावणेबाराला ओटीवर पाय वाजले.

जानू. खांबाला टेकून उभा. एवढा उशीर का, म्हणून कमलाकांतनं विचारलं. जानूनं दिव्याकडं बोट केलं. 

मग हळूच म्हणाला, “भावजी, दिवा लांब गेला.”

“म्हणजे?”

“चालतोय... चालतोय... येतच नाय.”

कमलाकांतनं दिव्याकडं पाहिलं. मग खाडीकडं. पलीकडं फाटा. काळा मिट्ट.

तेव्हा समजलं त्याला.

वत्सलाला हाक मारायला वळला.  परत पाहिलं...

ओटी रिकामी. कोरडी.

होडी सोडली त्यानं. हाका मारल्या. काठावरून वत्सला हाका मारत होती. पाणी काठोकाठ.  त्याला काहीच करता आलं नाही, पोरांनो. काहीच.

जानू पहाटे ओहोटीला सापडला. फाट्यापासून ओटीवरच्या दिव्याच्या सरळ रेषेत, अर्ध्या खाडीत.

घरी येऊन कमलाकांत दिवा विझवायला गेला. फुंकर मारली. विझेना. पुन्हा मारली... विझेना. तेल तरी ओतून टाकावं म्हणून टाकीचं झाकण उघडलं.

आत रॉकेल नव्हतं. पाणी होतं. बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

आणि वात जळत होती.