सहा भोकांचा वड

"ए स्कोरर, बॉल आण!"

धम्मरत्नची ही हाक मिनलला आता पाठ झाली होती. मार्चमध्ये दिघीहून पुनावळ्याच्या या सोसायटीत राहायला आल्यापासून क्रिकेटमध्ये तिला एवढंच काम होतं. दोन्ही संघ आधीच भरलेले. तिनं वहीत धावा लिहायच्या आणि लांब गेलेला चेंडू आणायचा. मधल्या वेळात ती माणसंही टिपून ठेवायची. लिफ्टमध्ये शेजारी दिसला की कोण छताकडे बघतं, फोन बंद असताना कोण कानाला लावून चालतं, सगळं वहीत होतं. 'माझ्याशी बोललेली माणसं' या पानावर मात्र एकच नाव होतं. चिमाबाई.

चिमाबाई मूळच्या इथल्याच गावच्या. सोसायटीचे टॉवर त्यांच्याच शेतात उभे होते. मुलगा राजगुरुनगरला गेला, त्या सोसायटीमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. रोज सकाळी फाटकाजवळच्या वडाखाली बसायच्या. "टाच फुटली, दात ठणकला, तर वडाचा चीक हाय. केसांना पारंब्यांचं तेल हाय. ताप आला तर मात्र डाक्टरकडं पळायचं, माझ्याकडं न्हाई!"

आणि मिनल दिसली की विचारायच्या, "जेवलीस का गं?"

दिवसभरात हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आई पहिली शिफ्ट संपवून ओव्हरटाइमला थांबायची. बाबा चाकणला रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, म्हणून घरात भांडंसुद्धा वाजवायचं नाही! आईशी तिचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठीतून चालायचं.

चेंडू वडाच्या बुंध्याशी पडला होता. मिनल वाकली आणि थबकली. बुंध्यावर वाळलेल्या मातीचा एक गोळा होता. बोट लागताच तो गळून पडला आणि आत दिसलं एक गोल, खोल भोक! तिनं बुंध्याला फेरी मारली. एक, दोन... सहा! भोकांतून कसल्यातरी रसायनाचा उग्र वास येत होता. वर पाहिलं, तर महिन्यापूर्वी फुटलेली कोवळी पानं पिवळी पडली होती.

"बॉल आणतेस की झाड मोजतेस?" धम्मरत्न ओरडत आला. मागोमाग त्याची आठ वर्षांची बहीण नेहा.

"इकडे बघ आधी!"

धम्मरत्ननं पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "म्हणून ती नोटीस लागलीय! चिमाबाईंनी औषधाच्या नावाखाली वड पोखरला म्हणे. रविवारी मीटिंग आहे. झाडाला कुंपण घालायचं, त्यांना बंदी करायची. खाली सही, सचिव सोपानराव."

मिनलनं बुंध्याजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. म्हणूनच आज चिमाबाई आल्या नव्हत्या. बंदी झाली तर त्या बसणार कुठे? आणि आपल्याला विचारणार कोण?

तिघं त्यांच्या खोलीवर गेली. चिमाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तुमी तरी कशाला आलात? जावा," त्या म्हणाल्या. मिनल हलली नाही, तिनं सहा गोल भोकांचं सांगितलं. मग त्यांनी सुरी पुढे टाकली. "बघ ही. हिनं गोल भोक पडतंय व्हय? मी साल काढते ती उभी, हाताएवढी, एकाच बाजूनं. वर शेणमाती लिंपते. आन् चिकाला हात लावायच्या आधी हाताला खोबरेल चोळते. न्हाई तर चीक असा चिकटतो, का कापडावरचा तपकिरी डाग साबणानं बी जात न्हाई."

"गोल भोक तर पप्पांचं ड्रिल पाडतं!" नेहा म्हणाली.

धम्मरत्नचा चेहरा उतरला. पप्पा कंपनीत फिटर होते आणि त्यांचं ड्रिल सगळ्या इमारतीत फिरायचं.

"शेवटी कुणी नेलं होतं?" मिनलनं विचारलं.

"सोपानकाकांनी. दोन आठवडे झाले. नावाची पाटी लावायला."

मिनलनं वही उघडली. "दोन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. सातवं षटक. सोपानकाका म्हणाले, 'गाडीला बॉल लागेल, निघा इथून!' खेळ बंद. आणि त्यांच्या दाराची पाटी तर मी आले तेव्हापासून स्टिकरची आहे!"

"तू हे पण लिहितेस?" धम्मरत्न चाट पडला.

घरी जाऊन त्यानं ड्रिलची पेटी उघडली. ड्रिलच्या टोकाला काहीतरी तपकिरी, रबरासारखं गुंडाळलं होतं. त्यात लाकडाचा भुसा अडकला होता.

"भिंतीतून च्युइंगम निघतं का रे दादा?" नेहानं विचारलं.

रविवारी मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. सोपानराव उभे राहिले. त्यांची पांढरी गाडी रोज वडाखालीच असायची. सावली हवी, पण पाखरांनी वर बसायचं नाही, असा त्यांचा हिशोब होता! इतर वेळी मनगटापर्यंत बटण लावणारे सोपानराव आज कोपरापर्यंत बाह्या दुमडून आले होते. मिनलनं तेही टिपलं आणि शेजारच्या नेहाला दाखवलं.

"त्या बाईंनी वडाचा जीव घेतला!" सोपानराव गरजले. चिमाबाई दाराशी मान खाली घालून उभ्या होत्या.

मिनल उठली.  इतक्या माणसांनी एकदम तिच्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"काका, पाटी लावायला ड्रिल नेलंत ना? मग त्याला वडाचा चीक कसा लागला?"

धम्मरत्ननं टोक सगळ्यांसमोर धरलं.

"कसला चीक? काहीतरीच!"

"काका, बाही उलगडा ना!" नेहा ओरडली.

"मीटिंग आहे की पोरखेळ?"

"उलगडा हो, त्यात काय एवढं!" अध्यक्षा पूनमताई म्हणाल्या. सोपानरावांनी नाइलाजानं बाही सोडली. बाहीच्या टोकावर तपकिरी डाग!

"हां, हा तर टाचेच्या औषधाचा डाग! चिमाबाईंनीच चीक दिला होता मला!"

"व्हय, दिला," चिमाबाईंनी मान वर केली. "माझ्या हातानं लावला, तेल चोळून. तुमी खुर्चीत बसला व्हता. टाचंचा चीक मनगटाला कसा गेला, राव?"

आधी कुणीतरी फिसकलं, मग सगळा हॉल हसला. सोपानराव खुर्चीत बसले. "गाडीवर रोज पाखरांची घाण पडते हो..." एवढंच पुटपुटले.

पूनमताईंनी नोटीस फाडली. उद्यान विभागाची माणसं बोलवायचं ठरलं. चिमाबाईंची माफी सोपानरावांनीच मागायची, हेही ठरलं. "शाब्बास पोरांनो! या मुलीची वही म्हणजे आपल्या सोसायटीचा सीसीटीव्ही!" त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग सगळे आपापल्या मजल्यावर गेले आणि दारं लागली.

मिनलच्या घरी फ्रिजवर चिठ्ठी होती, 'वरणभात आत आहे.' तिनं डबा उचलला आणि ती वडाखाली गेली. चिमाबाई एकट्याच बुंध्याला टेकून बसल्या होत्या.

"वाचेल का हो?"

"काय सांगावं? तोडून बघ एक पान. चीक आला तर जीव हाय."

जवळचं पान तोडलं. देठ कोरडा. दुसरं तोडलं. तेही कोरडं. मग मिनल पलीकडच्या, जमिनीत रुजलेल्या जाड पारंबीपाशी गेली, तिथलं पान तोडलं आणि श्वास रोखून बघत राहिली. देठाच्या टोकाशी हळूहळू एक पांढरा थेंब जमला.

तिनं धावत येऊन तो चिमाबाईंना दाखवला. त्यांनी तो थेंब बोटाच्या टोकावर घेतला.

मिनलनं डब्याचं झाकण उघडलं.

"चिमाबाई," तिनं विचारलं, "तुम्ही जेवलात का?"