चाळिसावा धडा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या बाबतीत ती घडली ते गणिताचे सर आणि मी एकाच शाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर बावीस वर्षं बसलो. सरांना थापा मारता येत नसत. एखादं उत्तर आलं नाही, तर मुलांसमोर सरळ "उद्या बघून सांगतो" म्हणणारा माणूस. त्यामुळे त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो नाही.

वार शनिवार. अर्ध्या दिवसाची शाळा सुटलेली. वेळ दुपारी दीडची.

जागा, शाळेच्या वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. कॉम्प्युटरची खोली.

तेव्हा कॉम्प्युटर नवीनच आले होते. साऱ्या शाळेत मिळून चार. त्यांचा थाट काय विचारता! चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचं, काम झालं की मशीनवर कापडी झाकण घालायचं. शिपाई मामा म्हणायचे, "एवढी काळजी माझ्या बायकोने माझी घेतली असती तर मी अजून दहा वर्षं जगलो असतो." आणि मामा तर ठणठणीत जिवंत.

सरांनी सुट्टीत शिकून स्वतः गणिताचा प्रोग्रॅम लिहिला होता. चाळीस धडे. प्रत्येक धड्यात दहा गणितं. उत्तर चुकलं तर मशीन 'चूक' म्हणत नसे, 'पुन्हा करून बघ' म्हणे. प्रत्येक मुलाची वेगळी फ्लॉपी. तिच्यावर तारीख, धडा आणि लागलेली मिनिटं यांची आपोआप नोंद व्हायची.

मशीन सुरू झालं की आधी आजची तारीख विचारायचं. मुलांना कुठला धीर? सगळे नुसतं बटण दाबून पुढे जायचे. मग मशीन स्वतःचीच कुठली तरी जुनी तारीख धरून बसायचं.

तारीख रोज नीट टाकणारी एकच मुलगी होती.

मुंगी.

हे नाव पोरांनी ठेवलेलं. दहा वर्षांची, अंगाने बारकी. हळू चालायची, हळू बोलायची, पण थांबायची नाही. कीबोर्डवर एका बोटाने अक्षर शोधायची.

टक्... बराच वेळ काही नाही... टक्.

कुणी बघत असलं की तिला काही सुचायचं नाही. म्हणून तिची पाळी असली की सर खिडकीकडे तोंड करून बसायचे.

मुंगी गणितात एकदा नापास झाली होती. आई शिवणकाम करायची. या वेळीही जमलं नाही तर शाळा बंद, माझ्याशेजारी काजं करायला बस, असं आईने बजावलं होतं. चाळीस धडे पुरे झाले की प्रिंटरमधून नाव घातलेला कागद निघायचा. तो कागद आईला दाखवायचा, एवढंच मुंगीच्या डोक्यात.

एकोणचाळीस धडे झाले.

त्या शुक्रवारी ती चाळिसाव्याला बसली. नऊ गणितं सुटली. दहावं वाचत होती, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली... 'तुझी वेळ संपली.'

हे कलम सरांनीच घातलं होतं. मशीन चार आणि मुलं दीडशे. म्हणून प्रत्येकाला वीस मिनिटं. वीस झाली की धडा आपोआप बंद, आणि अर्धा राहिलेला धडा पुन्हा पहिल्यापासून.

"सर, एकच राहिलं होतं."

"सोमवारी पहिला नंबर तुझा, बाळ. नियम सगळ्यांना सारखा."

तिने मशीनवर झाकण घातलं, चपला घातल्या आणि गेली. उजव्या चपलेचा पट्टा तुटलेला, त्याला पिन लावलेली.

रात्री ताप भरला. रविवारी मुंगी गेली.

सोमवारच्या यादीत पहिलं नाव तिचंच होतं.

पुढे महिनाभर काही नाही. मग शनिवारी शाळा सुटल्यावर सर स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले की वरून आवाज यायला लागला.

टक्...

सर कान द्यायचे.

टक्...

वर गेलं की खोलीला कुलूप. उघडलं की चारही मशीन झाकलेली. पण एकाच्या मागच्या बाजूला हात लावला तर... गरम.

दुसऱ्या शनिवारी दाराबाहेर चपला होत्या. लहान, बारक्या पायांच्या. उजवीच्या पट्ट्याला पिन. सर मामांना बोलवायला खाली गेले. दोघं वर आले तेव्हा तिथे नुसती फरशी होती. मामांनी त्या दिवशी विनोद केला नाही.

आता येतो तो शनिवार, ज्याबद्दल मी सुरुवातीला म्हणालो.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं की जुन्या फ्लॉप्या पुसून नव्या मुलांना द्या. सर दीड वाजता वर बसून एकेक पुसत होते. मुंगीची हातात आली. पुसण्याआधी एकदा बघू, म्हणून त्यांनी नोंद उघडली.

शेवटची ओळ त्या शुक्रवारची असायला हवी होती.

नव्हती.

खाली सोमवारची तारीख होती. धडा चाळीस, नऊ गणितं, वीस मिनिटं, अपूर्ण.

त्याखाली मंगळवार. नऊ गणितं, वीस मिनिटं, अपूर्ण. मग बुधवार. पान भरलं, दुसरं आलं. प्रत्येक तारीख खरी, नीट टाकलेली.

प्रत्येक दिवशी नऊ गणितं.

प्रत्येक दिवशी त्यांच्याच प्रोग्रॅमने तिला उठवलं होतं.

सर म्हणाले, घाबरायला मला वेळच झाला नाही. एवढंसं पोर रोज येतंय, पहिल्यापासून सगळं पुन्हा करतंय, आणि मी रोज तिला सांगतोय, वेळ संपली.

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. वीस मिनिटांची ओळ शोधली आणि खोडून टाकली. मशीन पुन्हा सुरू केलं, मुंगीची फ्लॉपी घातली. मशीन तारीख विचारून थांबलं. सरांनी ती टाकली नाही. प्रिंटरही चालू केला आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले.

"सावकाश कर," ते म्हणाले. "मी आहे."

बराच वेळ काहीच नाही. खाली मैदानात कुणी नव्हतं. पंखा बंद होता.

मग मागे, अगदी जवळ...

टक्.

सरांनी खिडकीचा गज घट्ट धरला. वळले नाहीत.

टक्... टक्...

घड्याळात वीस मिनिटं झाली. आवाज थांबला. जणू कुणीतरी वाट बघत होतं, आता उठवतील म्हणून. कुणी उठवलं नाही.

टक्.

मग प्रिंटर घरघरला. कागद फाडल्याचा आवाज आला... आणि सगळं शांत.

सर वळले तेव्हा मशीनवर झाकण घातलेलं होतं. प्रिंटरमध्ये कागद नव्हता.

सोमवारी मुंगीची आई शाळेत आली. हातात कागद. कडेला भोकं असलेला, आमच्या प्रिंटरचा.

"सर, हा तुम्ही आणून ठेवलात का? माझ्या शिलाई मशीनवर होता. काजं करायच्या कपड्यांवर."

त्यावर मुंगीचं नाव होतं. चाळीस धडे पूर्ण. खाली तारीख.

"शनिवारची आहे," आई म्हणाली.

सर खोटं बोलू शकले नाहीत. "तिनेच सोडवलं. मी नुसता पाठमोरा बसलो होतो."

आई रडली नाही, ओरडली नाही. कागदावरून हात फिरवत राहिली.

"किती वेळ लागला तिला?"

"छत्तीस मिनिटं."

"तिच्या मानाने लवकरच केलं म्हणायचं." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. जाता जाता दारात थांबली.

"सर... अजून धडे आहेत का हो?"

सरांनी त्याच रात्री एकेचाळिसावा धडा लिहिला. वेळेचं बंधन नसलेला. निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी ते वर जात, मशीन सुरू करून खिडकीकडे तोंड करून बसत. दोन-तीनदा मीही सोबत बसलो.

पुन्हा कधीही टक् झालं नाही.

ती मशीन केव्हाच भंगारात गेली. फ्लॉपी सरांकडे आहे. हल्ली ती चालवायला कुठे मशीन मिळत नाही. मीही निवृत्त झालो. पण नातवंडांच्या शाळेत गेलो आणि कुठल्या दाराबाहेर चपलांची रांग दिसली, की माझी नजर उजव्या चपलांवरून फिरते. एकेका पट्ट्यावरून.

पिन दिसली तर काय करीन, मला माहीत नाही.

दिसत नाही, याचंही वाईट वाटतं.